नोटेशनमध्ये नसलेली जागा

"मावशी, आई गेला."

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी ट्रामच्या स्टॉपवर उभी होते. फेब्रुवारीतली शुक्रवारची सकाळ, बारीक पाऊस, ऑफिसला जाणारी माणसं खांदे आखडून फोनमध्ये डोकं घालून उभी. प्रज्ञा नॉटिंगहॅममध्येच जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली. तिच्या मराठीत कोण 'गेला' आणि कोण 'गेली' याचा कायम घोळ असतो आणि सुनंदाताई जन्मभर तो निस्तरत आल्या. "अगं, आई 'गेली' म्हण," असं त्या स्वयंपाकघरातून ओरडून सांगायच्या, मग ते मार्केटला जाणं असो की ड्युटीला. त्या सकाळी ते वाक्य दुरुस्त करायला कुणी नव्हतं. मी नुसतं "हो गं बाळा" म्हटलं. ट्राम आली, दारं उघडली, माणसं चढली, दारं मिटली... मी तिथेच उभी राहिले.

सुनंदाताई माझ्या कुणी लागत नव्हत्या. त्या नागपूरच्या, मी पुण्याची. त्यांनी इथल्या सरकारी हॉस्पिटलात जवळजवळ सगळं आयुष्य नर्स म्हणून काढलं, शेवटी वॉर्ड सिस्टर झाल्या. मी युनिव्हर्सिटीच्या आयटी विभागात काम करते. तिकडे असतो तर आमची ओळख व्हायचं काही कारण नव्हतं. इथेही ती एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या अर्धवर्तुळात झाली. माझा नवरा समीर त्याच्या वडिलांच्या आजारपणासाठी म्हणून पुण्याला गेला होता आणि महिन्यांमागून महिने तिथेच राहिला होता. वडील बरे झाले, पण त्याचं परत येणं काही झालं नाही. आम्ही भांडलो नव्हतो, वेगळेही झालो नव्हतो. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर 'जेवलीस का' यायचं, मी 'हो' लिहायचे. गुरुवारी माझी अर्धी सुट्टी असायची आणि ती दुपार घरात काढणं मला जड जात होतं. वाचनालयाच्या दारावर प्रौढांसाठीच्या वर्गाचा कागद लावलेला दिसला, 'पियानो ऐकूया'... आणि मी वर गेले.

वर्ग घ्यायची मार्गारेट, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली, उंच, केस पांढरेशुभ्र. तिची पद्धत साधी होती. एक रचना दोनदा वाजवायची आणि विचारायचं, काय ऐकू आलं? पहिल्या दिवशी तिने एक नॉक्टर्न वाजवलं. नॉक्टर्न म्हणजे रात्रीच्या वातावरणाची संथ रचना, एकट्या पियानोसाठी लिहिलेली, एकोणिसाव्या शतकातली. कुणाची, ते इथे लिहीत नाही. पुढे आम्ही दोघी तिला 'आपलं नॉक्टर्न' इतकंच म्हणत आलो. वाजवून झाल्यावर इंग्रज मंडळी 'लव्हली', 'सो सॅड' असं काही बोलली. माझ्या शेजारी निळा कार्डिगन घातलेल्या, ठेंगण्या, पासष्टीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला आणि इंग्रजीत सरळ सांगितलं, "डावा हात ड्युटीवर आहे. उजवा रजेवर." सगळे हसले. मार्गारेट हसली नाही. ती म्हणाली, पुढे सांगा. "डावा वेळेवर येतो, वेळेवर जातो, एकसारखं काम करतो. म्हणून उजव्याला उशिरा येता येतं, रेंगाळता येतं. डावा नसता तर उजवा नुसता भरकटला असता." या संगीतातली 'रुबाटो' नावाची गोष्ट, म्हणजे लयीला धरून सोडणं आणि सोडून धरणं, मार्गारेट नंतर तासभर समजावत होती. मला ती त्या एका वाक्यातच समजली होती.

जिन्यावरून खाली येताना त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मराठी न तू?" मी हो म्हटलं. "मग बोलून का नाही राहिली? वर्गात नुसती नाक मुरडून बसली होती." मी खरंच तशी बसले असणार. लहानपणी सात-आठ वर्षं गाणं शिकलेय मी, आणि त्या वयात कानावर जे बसतं ते सहजी उतरत नाही. मी सांगून टाकलं, की यात राग नाही, तो हळूहळू फुलवत नेणारी बढत नाही, नुसते सुंदर तुकडे जोडल्यासारखं वाटतं. "असं?" त्या म्हणाल्या. "मग रविवारी घरी ये. मला तुकडे दाखव."

नॉटिंगहॅमला लागून असलेल्या बीस्टनला त्यांचं विटांचं, रांगेतलं घर होतं. पुढच्या खोलीत बंद पडलेल्या एका चर्चने फुकट देऊन टाकलेला उभा पियानो, त्यावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि त्यांच्या नवऱ्याचा, प्रकाशरावांचा, फोटो. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी प्रज्ञा मिल्टन कीन्सला नोकरीला, दोन-तीन आठवड्यांनी गाडी घेऊन यायची. निवृत्त झाल्यावर सुनंदाताईंनी मार्गारेटकडे पियानोची शिकवणी लावली होती. "जन्मभर मशीनचे बीप ऐकले," त्या म्हणायच्या, "आता कान धुऊन काढायचे." नागपूरला त्यांचे वडील मिलमध्ये कामाला होते आणि चळवळीतले होते. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून मान हलवायची नाही, का म्हणून विचारायचं, ही त्यांनी मुलीला दिलेली शिकवण. ती शिकवण घेऊन ताई त्या नॉक्टर्नसमोर बसल्या होत्या. सुंदर आहे, एवढ्याने त्यांचं समाधान व्हायचं नाही. का सुंदर आहे, ते सापडलं पाहिजे.

मग आमचे रविवार सुरू झाले. दुपारचं जेवण त्यांच्याकडे, बहुतेक वेळा भाकरी आणि सावजीचा मसाला घातलेलं काहीतरी, माझ्या पुणेरी डोळ्यांतून पाणी काढणारं. मग पुढच्या खोलीत दोन खुर्च्या. त्या चार ओळी वाजवायच्या, अडखळत, आणि आम्ही त्यावर तासन् तास बोलायचो. एकदा त्यांनी एकाच पट्टीवर बोट ठेवलं. "हे ऐक. हा सूर इथे येतो, परत इथे येतो, परत इथे. तोच सूर, तीच पट्टी. पण तिसऱ्या वेळी पोटात कसंतरी का होते?" मी गाऊन पाहिलं. माझ्या भाषेत तो पंचम होता, तिन्ही वेळा तोच. मग त्यांनी फक्त डावा हात वाजवून दाखवला. खालचे तिन्ही स्वरसमूह वेगळे होते. पहिल्याच्या वर तो पंचम घरात बसल्यासारखा होता, दुसऱ्याच्या वर दारात, आणि तिसऱ्यावर... त्याला कुठे टेकायला जागाच नव्हती. "तुझा तंबोरा हलत नाही," सुनंदाताई म्हणाल्या. "गाणारा फिरून येतो, तंबोरा तिथंच. इथं तंबोराच उठून चालला जातो, न सूर तिथंच उभा राहतो." त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मग उठून चहा ठेवायला गेल्या. समीरबद्दल त्यांनी त्या दिवशी काही विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही, पण त्या दिवसापासून निघताना मला डबा मिळायला लागला.

रचनेचे तीन भाग होते. पहिली उदास चाल, मधला स्थिर भाग, प्रार्थनेला सगळे एकत्र गातात तसा, आणि मग पहिली चाल परत. परत येताना ती जशीच्या तशी येत नाही, मध्ये बारीक बारीक स्वर भरलेले असतात, आमच्याकडे हरकती घेतात तसे. मी म्हटलं, ही नुसती सजावट. सुनंदाताईंना पटलं नाही. त्यांनी बरेच दिवस त्यावर घालवले आणि एका रविवारी दार उघडतानाच म्हणाल्या, "सापडलं. वॉर्डात नातेवाईक सांगतात न, कसं झालं ते... पहिल्यांदा डॉक्टरला सांगतात तेव्हा सरळ सांगतात. पडले, उचललं, आणलं. तेच संध्याकाळी बहिणीला फोनवर सांगतात तेव्हा त्यात चहाचा कप येतो, हातातून सुटला तो, टीव्हीवर काय चालू होतं ते. गोष्ट तीच. पण आता सांगणाऱ्याला कळलं असते काय झालं ते. हे वरचे बारके स्वर म्हणजे तो चहाचा कप आहे." मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही व्याख्यानात हे कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

शेवटाबद्दल मात्र आमचं कधी जमलं नाही. सबंध रचना कोमल गंधारात रडत असते आणि अगदी शेवटच्या स्वरसमूहात अचानक शुद्ध गंधार येतो, खिडकी उघडल्यासारखा. मी म्हणायचे, हा दिलासा आहे. त्या मान हलवायच्या. "दिलासा नाही. रडून झाल्यावर माणूस तोंड धुते. तेवढंच आहे हे. उद्या परत कामावर जायचं असते."

ती दोन पानं बोटांत बसायला त्यांना दोन हिवाळे लागले. एक जागा त्यांना शेवटपर्यंत छळत राहिली. पहिली चाल परत येते तिथे, संपायच्या जरा आधी, डाव्या हाताला खालचा एक स्वर आणि दहाव्या पट्टीवरचा दुसरा स्वर एकदम वाजवायचा असतो. सुनंदाताईंचा हात लहान. करंगळी खाली टेकली की अंगठा वर पोचायचा नाही. मार्गारेटने सांगितलं, खालचा सोडून दे, कुणाच्या लक्षातही येणार नाही. ताई म्हणाल्या, "माझ्या लक्षात येईल न." मग त्या खालचा स्वर वाजवायच्या, पायाखालच्या पेडलने तो धरून ठेवायच्या, हात उचलून वर न्यायच्या आणि मग दुसरा. या उचलण्यात एक श्वास जायचा. उजवा हात तोवर थांबून राहायचा. सबंध रचनेत तेवढा एक क्षण सगळं अधांतरी व्हायचं... मी ऐकून ऐकून त्या ठिकाणी स्वतःचाही श्वास धरायला लागले होते.

दिवाळीच्या सुमाराला त्यांचं पोट दुखायला लागलं. स्कॅनचा रिपोर्ट त्यांनी स्वतःच वाचला आणि मला फोनवर इतकंच सांगितलं, "मीनल, मला वाचता येते न, हाच घोळ आहे. दुसऱ्या कुणाला अजून थोडे दिवस गोड बोलून ठेवता आलं असतं." जानेवारीत त्या हॉस्पिटलात गेल्या. शेवटची भेट झाली तेव्हा फार बोलवत नव्हतं. मी फोनवर आपलं नॉक्टर्न लावलं, कुणा मोठ्या पियानोवादकाचं, एक इअरबड त्यांच्या कानात, एक माझ्या. डोळे मिटून त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "घाई करून राहिला हा. हात मोठे असतील त्याचे." मी हसले, त्याही हसल्या. मी निघताना त्यांनी माझ्या कोटाची बाही धरली. "रविवारी ये. घरी बसून काय करशील?" मी येते म्हटलं. शुक्रवारी प्रज्ञाचा फोन आला.

अंत्यविधीची तयारी इथे शांतपणे, ईमेलवर होते. संगीत निवडायची एक लिंक येते, त्यात जगातलं बहुतेक सगळं संगीत असतं. प्रज्ञाने मला बीस्टनच्या घरी बोलावलं. "आई एक पीस वाजवायचा. मला नाव माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल." मी नाव सांगितलं. तिने लॅपटॉपवर शोधलं, कितीतरी वादकांची ध्वनिमुद्रणं निघाली. पहिलं लावलं. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटाकडे येताना एकदम म्हणाली, "हा नाही." दुसरं लावलं. "हा पण नाही, मावशी. हे लोक काहीतरी चुकतायत." तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी ती तेवढ्याच ठिकाणी मान वर करायची. मग माझ्या लक्षात आलं. ती शनिवार-रविवारी यायची तेव्हा स्वयंपाकघरात असायची, आई आतून पुढच्या खोलीचं दार लावून वाजवायची. दाराआडून ऐकत तिला ती रचना पाठ झाली होती, त्या थांबण्यासकट. तिच्यासाठी ते थांबणं रचनेतच होतं.

मी पियानोवरचं नोटेशन काढून तिच्यासमोर धरलं. "बघ. इथे थांबायचं लिहिलेलंच नाही."

"मग आई का थांबायचा?"

मी तिला पियानोपाशी नेलं, त्या दोन पट्ट्या दाखवल्या, खालची आणि वरची, आणि सांगितलं, की हात पोचायचा नाही म्हणून. प्रज्ञा वडिलांसारखी उंच, लांब बोटांची. तिने कधी पियानोला हात लावला नव्हता. तिने करंगळी खालच्या पट्टीवर ठेवली, पंजा ताणला, आणि अंगठा वरच्या पट्टीवर पोचला. तिने दाबलं. दोन्ही स्वर एकदम वाजले, भरदार, मध्ये काहीही न सुटता. ती आपल्या हाताकडे बघत राहिली. "माझी हात डॅडसारखी आहे," ती म्हणाली, आणि फोन आल्यापासून पहिल्यांदा, त्या स्टुलावर बसून, रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला तिला सांगायचं होतं, की आमच्या गाण्यात अशा क्षणाला 'जागा' म्हणतात, गाणारा स्वतःची म्हणून जी घेतो ती, कुणी लिहून न दिलेली. पण ते तिला इंग्रजीत कसं सांगावं हे सुचलं नाही आणि मराठीत तिला समजलं नसतं.

मार्गारेटला विचारलं होतं, वाजवशील का म्हणून. तिने संधिवाताने वाकलेली बोटं दाखवली. "मी तिला तो स्वर सोडून दे म्हणाले होते," एवढंच ती दोनदा म्हणाली. शेवटी आम्ही त्यातल्या त्यात संथ वाजवणाऱ्या एका वयस्कर बाईंचं ध्वनिमुद्रण निवडलं.

क्रिमेटोरियममध्ये फार माणसं नव्हती. हॉस्पिटलातल्या जुन्या सहकारी, लेस्टरहून आलेली दोन बौद्ध कुटुंबं, पांढऱ्या कपड्यांत, शेजारचे एक जमैकन गृहस्थ, आमच्या वर्गातली चार-पाच मंडळी. त्रिशरण आणि पंचशील झालं. एका सहकारी बाईंनी त्यांच्या वॉर्डातल्या शिस्तीबद्दल सांगितलं, लोक हसले. मग नॉक्टर्न लागलं. डावा हात चालू झाला, उजवा त्याच्यावर रेंगाळत आला, मधली प्रार्थना झाली, चाल परत आली, आणि ती ओळ जवळ आली तशी शेजारी बसलेल्या प्रज्ञाची बोटं माझ्या हातावर घट्ट झाली. आम्ही दोघींनी श्वास धरला. दोन्ही स्वर एकदम वाजले आणि संगीत पुढे निघून गेलं. आम्ही दोघीच तिथे थांबलेल्या होतो.

आता एप्रिल संपत आलाय. बीस्टनच्या घरावर 'विकणे आहे'चा बोर्ड लागला. इतका जुना पियानो कुणालाच नको असतो. मोठ्या खटपटीने एका शाळेने नेला. प्रज्ञा अधूनमधून फोन करते, मीही करते, पण आमच्या दोघींमध्ये बोलायला एकच माणूस आहे आणि त्या माणसाबद्दल दोघींनाही फार वेळ बोलवत नाही. समीर 'जेवलीस का' विचारतो. मी हो लिहिते. रविवारी दुपार झाली की मी अजून कपडे बदलून तयार होते, मग आठवतं, कुठे जायचं नाहीये. एकदा तशीच कोट घालून खाली उतरले होते. ट्राम आली तेव्हा कळलं.

सुनंदाताईंची एक सवय होती. वाजवून झालं की त्या पेडलवरचा पाय काढायच्या नाहीत. शेवटचा शुद्ध गंधार विरत जायचा, विरत जायचा, आणि मी काही बोलायला तोंड उघडलं की डाव्या हाताची तर्जनी वर व्हायची... थांब, अजून संपलं नाही. कान देऊन ऐकल्यावर खरंच, लाकडाच्या आत कुठेतरी तो सूर असायचा. तो पूर्ण गेला अशी खात्री झाल्यावरच पाय उचलायचा आणि मग म्हणायचं, "हं. बोल आता."

परवाच्या रविवारी मी घरी ते नॉक्टर्न लावलं. फोनचं असं आहे, की एक संपलं रे संपलं की तो विचारायच्या आधी पुढचं काहीतरी सुरू करतो. म्हणून मी फोन हातात धरून बसले होते, बोट पडद्यावर टेकवून. शेवटचा स्वरसमूह आला तरी मी लगेच थांबवलं नाही. सूर विरत गेला आणि पुढचं सुरू व्हायच्या अगदी काठावर मी बोट दाबून ते थांबवलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. बॉयलर सुरू झाला, बंद झाला. तरीही थोडं उरलंय असं वाटत होतं, म्हणून मी तशीच बसून राहिले.

मग "बोल आता" म्हणणारं कुणी नव्हतं.